समाजवाद म्हणजे नक्की कुणाच्या खिशातून?

वाड्याचा वारस · शनिवार, सकाळी ९:१२

मंडळी नमस्कार,

बडोद्यात दांडियाबाजारच्या आतल्या गल्लीत आमचा पणजोबांच्या वेळचा वाडा आहे. पुढे आम्ही, मागच्या चौकात दोन बिऱ्हाडं. एक भाडेकरू महिना ३८ रुपये देतात, दुसरे ४५. टंकताना शून्य राहिलेलं नाही, जुन्या भाडेकायद्याने बांधलेले आकडे तेवढेच आहेत. दोघंही सज्जन. पाच तारखेच्या आत पैसे आणून देतात, मी पावती फाडतो, आणि ती हातात देताना दरवेळी मलाच ओशाळल्यासारखं होतं.

परवा कौलं उतरवून पुन्हा घालायचा आणि दोन सडलेले वासे बदलायचा अंदाज आला: १,८५,००० रुपये. जेवताना विषय निघाला तर भाचा म्हणतो, "मामा, हा तुमचाच समाजवाद. आता भोगा." झोंबलं. घरात राष्ट्र सेवा दलाचं वातावरण, समाजवादी नेते एसएम जोशी आणि नानासाहेब गोरे यांची नावं आदराने घेत मोठा झालो. त्याला उत्तर सुचलं नाही, नुसता भात चिवडत बसलो.

म्हणून इथे विचारतो. समाजवादात माणसाचं स्वातंत्र्य किती उरतं? माझं घर माझं किती? आणि कर म्हणजे माझा वाटा की माझ्यावर दरोडा? पुस्तकी व्याख्या नकोत, त्या मीही वाचल्यात. अनुभव सांगा.

शेवउसळ ज्यादा तरी · ९:२०

पहिला! रुमाल टाकून ठेवतो. वीकांताची सोय झाली.

मुक्तछंद · ९:४१

काका, राग मानू नका, पण भाचा बरोबर बोलला. जे माझं आहे त्याचा भाव मी ठरवू शकत नसेन, ते कुणाला द्यायचं हे मी ठरवू शकत नसेन, तर मालकी म्हणजे घरपट्टीच्या बिलावर छापलेलं नाव, बस्स. मालमत्ता आणि स्वातंत्र्य वेगळं काढता येत नाही. ज्याच्याकडे स्वतःचं छप्पर आणि स्वतःचा पैसा आहे तोच सरकारला नाही म्हणू शकतो.

आणि कराबद्दल काय बोलायचं? याच देशात १९७३-७४ मध्ये वरच्या टप्प्यावर आयकर ९७.७५ टक्के होता. शंभर रुपये कमवा, सव्वादोन घरी न्या. त्या काळात वडिलांनी स्कूटरसाठी नंबर लावला होता. स्कूटर आली तेव्हा ते मागच्या सीटवर बसायच्या वयाचे झाले होते. (ह. घ्या, पण फार हलके घेऊ नका.)

गोदाक्का · १०:३०

मुक्तछंद, तुम्ही सांगताय तो परवाना-राज. त्याच्यावर समाजवादाची पाटी लावली की तो समाजवाद होत नाही.

मी शाळेत इतिहास शिकवला, जुनी खोड आहे, सांगू द्या. जून १९७५ ला आणीबाणी लागली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, माणसं विनाचौकशी तुरुंगात. आणि त्याच काळात, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने, उद्देशिकेत 'समाजवादी' शब्द घातला गेला. आता तेव्हा आत कोण होतं बघा. मधू लिमये, मधू दंडवते, जॉर्ज फर्नांडिस. सगळे समाजवादी! जॉर्जवरच्या खटल्याला तर आपल्याच गावाचं नाव मिळालं, बडोदा डायनामाइट. १९७७ मध्ये तुरुंगातूनच ते मुझफ्फरपूरला निवडून आले.

म्हणजे शब्द घटनेत घालणारे एक, आणि त्या शब्दावर आयुष्य वाहिलेले गजाआड. 'समाजवादात स्वातंत्र्य उरतं का' या प्रश्नाला माझ्यापुरतं हे उत्तर आहे. आपल्याकडे स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेल्यांत समाजवादी कमी नव्हते.

मुक्तछंद · १०:४४

मान्य, गोदाक्का. पण मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून कुणी काढला? ४४ वी घटनादुरुस्ती, १९७८. तुमचे हे तुरुंगातून सुटलेले लोक ज्यात होते त्या जनता सरकारने. आता तो ३०० अ कलमाखाली साधा घटनात्मक हक्क आहे.

गोदाक्का · १०:५२

हो, त्यांनीच काढला. तिथे तुमचा मुद्दा मान्य. मात्र ३०० अ सुद्धा सांगतं की कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता घेता येणार नाही.

शेवउसळ ज्यादा तरी · ११:०५

माझ्या मते खरा समाजवाद बडोद्यात एकदाच आला. ऑगस्ट २०२४ चा पूर. विश्वामित्री नदीच्या मगरी सोसायट्यांमध्ये शिरल्या. ना कुणाचं कंपाउंड मानलं, ना कुणाचं पार्किंग. आमच्याकडे एकाने "ही प्रायव्हेट सोसायटी आहे" असंही तिला गुजरातीत सांगून पाहिलं म्हणे.

हिशेबनीस · ११:४८

धंद्याने सीए आहे, म्हणून आकड्यांत तोंड घालतो.

९७.७५ हा आकडा बरोबर आहे, पण तो दोन लाखांच्या वरच्या उत्पन्नावरचा दर होता. १९७३ मध्ये दोन लाख कमावणारे आपल्या गल्लीत किती होते? तरीही तो दर मूर्खपणाचाच होता, कारण त्याने तिजोरी भरली नाही, दोन नंबरच्या वह्या भरल्या. प्रत्यक्ष करांवरच्या वांच्छू समितीने १९७१ मध्येच दर उतरवायला सांगितलं होतं, पुढे तो ७७ वर आला. वारसा मालमत्तेवरचा कर १९५३ मध्ये आला, १९८५ मध्ये गेला. संपत्तीकर १९५७ मध्ये आला, २०१५ मध्ये गेला. त्यामुळे काका, तुमचा वाडा तुमच्या मुलाकडे जाईल तेव्हा सरकार वारसाकर म्हणून एक रुपया मागणार नाही. काही बाबतींत आपण नावापुरतेही समाजवादी उरलेलो नाही.

आता तुमचा हिशेब. ३८ आणि ४५ मिळून ८३. वर्षाचे ९९६. १,८५,००० भागिले ९९६. छपराचा खर्च १८६ वर्षांत वसूल. घरपट्टी धरलेली नाही, धरली तर वसुली उलट्या दिशेने सुरू होते.

पण माझं भाच्याशी पटत नाही. जुन्या मुंबई राज्याचा १९४७ चा भाडेकायदा गुजरातला वारशात मिळाला, आणि त्यात प्रमाणभाड्याचा, म्हणजे कायद्याने मान्य भाड्याचा, आधार धरला होता १ सप्टेंबर १९४० चं भाडं. युद्धानंतर घरटंचाई होती, फाळणीचे निर्वासित येत होते, तेव्हा याची गरज होतीच. पण गरिबाला छप्पर द्यायचं हे समाजाने ठरवलं तर खर्चही समाजाने करायला हवा. म्हणजे सगळ्यांकडून थोडा थोडा कर घ्या आणि त्यातून घरं बांधा. इथे काय झालं? ज्याच्या नशिबी वाडा होता त्या एकट्यावर कर बसवला आणि तो वसूल करायचं काम भाडेकरूकडे दिलं. सरकारची दानत, खर्च तुमचा. याला मी समाजवाद म्हणणार नाही. आलेल्या पाहुण्याला शेजाऱ्याच्या घरी जेवायला पाठवण्यातला प्रकार आहे हा.

मांजलपूरकर · ११:५५

हिशेबनीस +१. पाहुण्याचं उदाहरण चोरतोय.

मागच्या चौकातली चिमणी · दुपारी १:३७

मला लिहायचं नव्हतं, पण सगळे मालकाच्याच ओसरीवरून बोलतायत.

मी रावपुऱ्यातल्या एका वाड्यात भाडेकरूच्या घरात वाढले. दीड खोली, सामाईक संडास, भाडं २२ रुपये. बाबा कारखान्यात फिटर. छप्पर आमचंही गळायचं. मालक कौलाला हात लावायचे नाहीत, कारण आम्ही वैतागून जावं ही इच्छा. बाबा दर मे महिन्यात स्वतः वर चढून डांबरी कागद अंथरायचे आणि त्यावर विटा ठेवायचे. एका विटेवर मी खडूने माझं नाव लिहिलं होतं, ती पुढची सहा-सात वर्षं तिथेच होती.

पण ते भाडं २२ होतं म्हणून मी सयाजीराव विद्यापीठात बी.एस्सी. झाले आणि धाकटा भाऊ डिप्लोमा झाला. बाजारभावाने भाडं असतं तर आम्ही गावाबाहेर कुठेतरी असतो आणि मी बारावीनंतर कुणाच्या तरी दुकानात. माझं व्यक्तिस्वातंत्र्य त्या २२ रुपयांच्या पावतीवर उभं होतं. मुक्तछंद, तुम्ही म्हणता स्वतःचं छप्पर असेल तोच नाही म्हणू शकतो. मग ज्याला छप्परच नाही त्याच्या स्वातंत्र्याचं काय करायचं?

आणि वारसकाका, एक विचारू? तुमच्या आजोबांनी या बिऱ्हाडांकडून पागडी, म्हणजे खोली देताना वरून घ्यायची रक्कम, घेतली होती का? आमच्याकडून घेतली होती. आईच्या पाटल्या गेल्या त्यात.

शेवउसळ ज्यादा तरी · १:४०

आता धागा तापला. शेवउसळ गार झाली तरी चालेल.

वाड्याचा वारस · २:१५

चिमणीताई, प्रतिसाद वाचून गप्प बसलो होतो. पागडीचं मला ठाऊक नाही. आजोबा त्यातले नव्हते असं वाटतं. तो काळच वेगळा होता.

हिशेबनीस · २:२२

कायद्याने पागडी घेणं गुन्हा होता. म्हणजे अर्थातच सगळे घेत होते.

उत्तरध्रुव · ३:०५

मूळ बडोद्याचा, आता नऊ वर्षं स्टॉकहोममध्ये. भारतातल्या वादांत दोन्ही बाजू स्वीडनचं उदाहरण देतात आणि दोघंही अर्धंच सांगतात, म्हणून लिहितो.

पगारातून साधारण तिसरा हिस्सा इथल्या स्थानिक करात जातो. खरेदीवरचा कर वेगळा. त्या बदल्यात मुलीची शाळा फुकट, शाळेतलं जेवण फुकट, आजारपणाची धास्ती नाही. नोकरी सोडून वर्षभर काहीतरी नवीन करून बघायचं धाडस मला इथे झालं, बडोद्यात झालं नसतं. स्वातंत्र्य म्हणजे हेच असावं, निदान माझ्यासाठी.

आता उरलेलं अर्धं. इथे कंपन्या खासगी आहेत. वारसाकर २००४ च्या शेवटी रद्द झाला, संपत्तीकर २००७ मध्ये. आणि भाडं! मालकांच्या आणि भाडेकरूंच्या संघटना बसून वाटाघाटी करतात, त्यामुळे भाडी आटोक्यात आहेत आणि म्हणूनच घर मिळत नाही. शहराच्या यादीत माझं नाव घालून सहा वर्षं झाली. तोवर पोटभाडेकरू. काका, तुमच्या मागच्या चौकाची स्टॉकहोम आवृत्ती समजा, फक्त कौलांवर बर्फ.

जाता जाता: इथे करखात्याला फोन करून शेजाऱ्याचं उत्पन्न किती ते विचारता येतं. कायदेशीर आहे. आमच्या दांडियाबाजारच्या काकूंना हा देश फार आवडला असता.

मुक्तछंद · ३:२०

बघा. तिथेही भाडं बांधलं की घरं गायब. चिमणीताई, तुमची कहाणी खरी आहे, मान्य. पण तुमच्यानंतर आलेल्या मुलीला ती दीड खोली मिळाली का? कुठल्याच मालकाने नवी बिऱ्हाडं ठेवली नाहीत. वाडे कुलूप लावून पडू दिले. आज जुन्या गावात फिरा, सागवानी खांब विकून टाकलेले, आत पिंपळ. मालकाला मोकळीक द्या, भाव आणि भाडेकरू त्याला ठरवू द्या, घरं आपोआप उभी राहतील.

फतेगंजकर · ४:३८

"भाडेकरू मालक ठरवेल." हा नियम बडोद्यात एकदा तंतोतंत पाळला गेला होता.

सप्टेंबर १९१७. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकलेले आणि तिथून लंडनला गेलेले बाबासाहेब आंबेडकर ठरलेल्या कराराप्रमाणे दरबारच्या नोकरीवर हजर झाले. खिशात पैसे होते. संस्थानाची नोकरी होती. खोली मिळेना. शेवटी नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत राहिले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत थांबले आणि शहर सोडलं. मालकाचं स्वातंत्र्य शंभर टक्के शाबूत होतं हो त्या दिवशी.

आणि त्याच माणसाचं पुढचं बघा, कारण ते कुणाच्याच सोयीचं नाही. १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवेदनात त्यांनी शेती आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, आणि तेही घटनेतच लिहून ठेवावं, अशी मागणी केली. दोन वर्षांच्या आत, १५ नोव्हेंबर १९४८ ला, संविधान सभेत के. टी. शहांनी 'समाजवादी' शब्द घालायची दुरुस्ती आणली तेव्हा त्यांनीच विरोध केला. समाजाची रचना कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावं, घटनेने त्यांचे हात बांधू नयेत, असं त्यांचं म्हणणं. मला हे दोन्ही बाबासाहेब पटतात, आणि दोघांचं एकमेकांशी कसं जुळवायचं ते अजून जमलेलं नाही.

आजही घर बघायला गेलो की पंखा कुठला, पाणी किती वाजता या आधी आडनाव विचारतात. अकरा महिन्यांचा करार नंतर.

मुक्तछंद · ४:५०

याला उत्तर नाही माझ्याकडे. भेदभावाविरुद्ध कायदा असावा, पण तो आणि भाडेनियंत्रण वेगळं, एवढंच म्हणेन.

गोदाक्का · ५:१०

सयाजीरावांचा विषय निघालाच आहे तर. १९०६ मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंड. शेतात हाताखाली लागणारं पोर सरकारने ओढून नेलं म्हणून तेव्हाही लोक कुरकुरलेच असतील, आमच्या स्वातंत्र्यावर घाला म्हणून. महाराज तर समाजवादी नव्हते, लक्ष्मी विलास राजवाड्यात राहत होते! पण करातून शाळा, करातून ग्रंथालयं, करातून आजव्याच्या तलावाचं पाणी. आपण अजून ते पाणी पितो.

हिशेबनीस · ५:१८

अवांतर: याच महाराजांच्या आधाराने बँक ऑफ बडोदा सुरू झाली, २० जुलै १९०८. सरकारने ती राष्ट्रीयीकृत केली १९ जुलै १९६९ ला. एकसष्टीला एक दिवस कमी. केक कापायला तरी थांबायचं.

आणंदचा जावई · ६:०२

सगळे सरकार विरुद्ध मालक एवढंच खेळताय. इथून चाळीस किलोमीटरवर आणंद आहे. १९४६ पासून तिथे म्हैस शेतकऱ्याची, दूध गोळा करायची मंडळी सगळ्यांची, नफा दुधाच्या प्रमाणात. सासऱ्यांकडे दोन म्हशी आहेत. सकाळी सहाला बरणी घेऊन रांगेत, फॅट मोजलं जातं, पैसे खात्यात. मालमत्ता कुणी काढून घेतली नाही आणि व्यापाऱ्याने भावही पाडला नाही. याला काय म्हणायचं? सासरे म्हणतात, "दूध म्हणायचं."

शेवउसळ ज्यादा तरी · ६:०५

सासऱ्यांना सदस्यत्व द्या रे कुणीतरी.

बिनधास्त बडोदेकर · ६:३०

हे सगळे डावे फुकटे आणि उजवे लुटारू. दोन्हीकडच्यांना

संपादक मंडळ · ६:४१

वरील प्रतिसादाचा उर्वरित भाग काढला आहे. चर्चा चांगली चालली आहे, तशीच राहू द्या.

रेवाकाठ · ७:२०

वकिली करते, म्हणून थोडी भर. वारसकाका, भाच्याला हेही सांगा. ५ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितलं की घटनेच्या ३९ (ब) कलमातली 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' म्हणजे प्रत्येकाची प्रत्येक खासगी मालमत्ता नव्हे. प्रकरण कुठून निघालं होतं? मुंबईतल्या जुन्या, भाडेकरूंनी भरलेल्या इमारतींवरून. तुमच्या वाड्याचीच मोठी भावंडं. आणि त्याच महिन्यात, २५ तारखेला, उद्देशिकेतून 'समाजवादी' शब्द काढा म्हणणाऱ्या याचिकाही फेटाळल्या. शब्द राहिला, आणि घरही तुमचंच राहिलं.

व्यावहारिक सल्ला: महाराष्ट्रात २००० पासून वर्षाला ४ टक्के भाडेवाढ कायद्यानेच मिळते. तुम्ही गुजरातेत आहात, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च आणि भाडं याबद्दल भाडेकरूंशी लेखी समजुतीने काय करता येईल ते स्थानिक वकिलाला कागद दाखवून विचारा. फोरमवर विचारून कोर्टात जाऊ नका.

मागच्या चौकातली चिमणी · ८:०३

मीही एक कबुली देते. मांजलपूरला माझा एक फ्लॅट आहे, भाड्याने दिलेला. अकरा महिन्यांचा करार, १४,००० रुपये, दर वेळी हजाराने वाढवते. गेल्या महिन्यात भाडेकरूच्या मुलीने स्वयंपाकघरातला नळ गळतोय म्हणून फोन केला. मी म्हणाले, बघते. अजून बघितलेला नाही. दुपारचा प्रतिसाद लिहिताना तो नळ डोक्यात होता.

मांजलपूरकर · ८:०९

ताई, कुठल्या सोसायटीत? मी भाडेकरू तर नाही ना तुमचा?

वाड्याचा वारस · रविवार, सकाळी ११:२६

सगळ्यांचे आभार. रात्री झोप लागली नाही म्हणून आजोबांची पत्र्याची ट्रंक उघडली. दस्त, लग्नपत्रिका, रॉकेलच्या पावत्या, आणि तळाशी लाल खेरव्याच्या बांधणीची वही. १९६१ सालच्या पानावर आजोबांच्या मोडी वळणाच्या देवनागरीत एक ओळ आहे: "मागील बिऱ्हाडाकडून डागडुजीखातर रुपये बाराशे." पावतीचा उल्लेख नाही. डागडुजीचा खर्चही पुढच्या कुठल्या पानावर दिसला नाही. त्याच वर्षी आत्याचं लग्न झालं.

चिमणीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे. काल मी उगाच ठामपणे लिहिलं.

सकाळी ३८ रुपयेवाले काका भेटले. त्यांचं वय ८१. वही दाखवली. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "बाबांनी गावची दोन बिघे जमीन विकली होती." नंतर आम्ही दोघं माळ्यावर गेलो. त्यांनी दोन ठिकाणी बादल्या लावून ठेवल्यात आणि तिसऱ्या ठिकाणी जुनं श्रीखंडाचं पातेलं. ते पातेलं आमच्या आईचं आहे, कधी मागून नेलं होतं कोण जाणे.

भाच्याला सगळा धागा वाचायला दिला. तो म्हणतो, हिशेबनीस बरोबर. मी म्हणालो, फतेगंजकर बरोबर. बायको म्हणते, आधी छप्पर. कौलवाला मंगळवारी येतोय. काका म्हणाले माझे वीस हजार धरा, मुलगा देईल. मी हो म्हणालेलो नाही, नाहीही म्हणालेलो नाही.

हिशेबनीस · ११:३१

वीस हजार धरले तर वसुली १६६ वर्षांवर येते. प्रगती आहे.

शेवउसळ ज्यादा तरी · ११:३४

पातेलं परत मिळालं का?

वाड्याचा वारस · ११:४०

नाही. पाऊस आहे अजून.